खिळ्याचं तांबं होत नाही, अळीला सवय लागत नाही

प्रश्न असा आहे: कामठी रोडकडच्या एका शाळेत दहावीला विज्ञान शिकवणाऱ्या मॅडम विचारतात की मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) द्रावणात खिळा ठेवला, पण रंग बदललाच नाही. मुलं समीकरणं पाठ करतात, पण साधं समीकरणही संतुलित करता येत नाही. उत्क्रांतीच्या धड्याला तर पहिल्याच तासाला एका मुलाने विचारलं, ‘माकडापासून माणूस झाला, मग आत्ताची माकडं माणूस का होत नाहीत?’ वर्गात साठ मुलं, प्रयोगशाळा नावापुरती. दोन्ही धडे कसे घ्यावेत?

मॅडम, तुम्ही तीन अडचणी लिहिल्या आहेत, पण तिन्हींचं मूळ एकच आहे असं मला वाटतं. बदल कशात झाला आणि काय जसंच्या तसं राहिलं, हे मुलांना सांगता येत नाही. खिळा लालसर झाला की मूल म्हणतं, लोखंडाचं तांबं झालं. जिराफाची मान लांब झाली की मूल म्हणतं, जिराफाने मान ताणली. दोन्हीकडे बदल चुकीच्या जागी लावला जातो. रासायनिक अभिक्रियेत अणू बदलत नाही, अणूंची जुळणी बदलते. उत्क्रांतीत एकटा जीव बदलत नाही, पिढ्यांनुसार समूहातलं गुणांचं प्रमाण बदलतं. म्हणून दोन्ही धड्यांत मी मुलांना मोजायला लावते. मोजल्याशिवाय हा फरक डोक्यात शिरत नाही.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून राहतील. वर्ग सेमी इंग्रजी असेल तर ‘विस्थापन’ (एका धातूने दुसऱ्याची जागा घेणं) आणि ‘डिस्प्लेसमेंट’ हे दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी लिहा, नाहीतर मुलं त्या दोन वेगळ्या अभिक्रिया समजतात. ०.१ ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा मिळाला तर खाली दिलेला वजनाचा प्रयोग जरूर करा. स्वयंपाकघरातला १ ग्रॅमच्या पायरीचा काटा त्याला चालणार नाही.

आधी तुमचा खिळा. तो का फसला याची कारणं ठरलेली आहेत. पहिलं म्हणजे जस्ताचा मुलामा. बाजारात चकचकीत दिसणारे बरेच खिळे जस्त चढवलेले असतात. मोरचुदात असा खिळा ठेवला की आधी जस्तच तांब्याला बाहेर काढतं. खिळ्यावर काळपट थर येतो, कारण फार बारीक कणांचं तांबं काळं दिसतं, आणि पाण्याचा निळा रंग हिरवट होण्याऐवजी नुसता फिका पडत जातो. अभिक्रिया बरोबरच झालेली असते, फक्त आपण समजत होतो ती नव्हे. ओळखायचं कसं? खिळा व्हिनेगरमध्ये टाका. जस्त असेल तर लगेच बारीक बुडबुडे सुटतात, साध्या लोखंडाला वेळ लागतो. हार्डवेअरच्या दुकानात ‘बिनमुलाम्याचे काळे खिळे’ मागा किंवा चांभाराच्या चुका (बारीक खिळे) घ्या. त्यांनाही तेलाचा हात असतो, म्हणून पॉलिशपेपरने घासून, साबणाने धुऊन, कोरडे करून वापरा.

दुसरं कारण प्रमाणाचं, आणि बहुतेक ठिकाणी चूक इथेच होते. चमचाभर मोरचूद आणि एक खिळा घेतला तर रंग उडणार कसा? हिशोब करू. मोरचुदाच्या स्फटिकाचं रेणुवस्तुमान सुमारे २४९.५, लोखंडाचं अणुवस्तुमान ५६, तांब्याचं ६३.५. म्हणजे १ ग्रॅम मोरचुदातलं सगळं तांबं बाहेर पडायला साधारण ०.२२ ग्रॅम लोखंड विरघळावं लागतं आणि ०.२५ ग्रॅम तांबं बसतं. मोरचूद ५ ग्रॅम घेतलं तर १.१ ग्रॅमहून जास्त लोखंड लागेल. तेवढं विरघळण्याआधीच खिळ्यावर तांब्याचा थर जमतो आणि अभिक्रिया मंदावते. म्हणून ५० मिलि पाण्यात १ ग्रॅमच मोरचूद घ्या आणि तीन खिळे ठेवा. लाल थर पंधरा-वीस मिनिटांत दिसतो. रंग फिका पडायला मात्र रात्र जाऊ द्यावी लागते. एका तासिकेत रंगबदल दाखवायचा असेल तर खिळ्यांऐवजी भांडी घासायची बारीक लोखंडी तारेची घासणी घ्या, पृष्ठभाग जास्त मिळतो. स्टेनलेस स्टीलची घासणी नको, ती दाद देत नाही. तुलनेसाठी त्याच द्रावणाची एक परीक्षानळी खिळ्याविना शेजारी ठेवा. फिका निळा आणि फिका हिरवा यांतला फरक आठवणीवर ओळखता येत नाही, शेजारी ठेवला तरच कळतो.

तिसरं, पाणी. आपल्याकडे बऱ्याच शाळांत बोअरचं पाणी असतं आणि ते जड असतं. त्यात मोरचूद टाकलं की निळसर-पांढरा गढूळपणा येतो, कारण तांब्याचं कार्बोनेट खाली बसायला लागतं. बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी आणा, एक लिटर वर्षभर पुरतं. दुसऱ्या दिवशी द्रावण पिवळट-तपकिरी झालं तर घाबरू नका. तयार झालेलं हिराकस (फेरस सल्फेट) हवेतल्या ऑक्सिजनमुळे पुढे बदलतं. उलट तिथेच ऑक्सिडीकरणाचा मुद्दा घ्या.

मुलांना विचारायचा प्रश्न एवढाच: खिळ्यावरचं तांबं आलं कुठून, आणि खिळ्यातून गेलेलं लोखंड आहे कुठे? तांबं द्रावणात होतंच. लोखंड आता द्रावणात आहे. दोघांनी जागा बदलल्या, जात बदलली नाही. हे उत्तर मुलाच्या तोंडून आल्याशिवाय विस्थापनाचं समीकरण फळ्यावर लिहू नका.

यानंतर वजनाचा प्रयोग. कोल्ड्रिंकची अर्धा लिटरची प्लॅस्टिक बाटली घ्या. पाण्याची पातळ बाटली नको आणि काचेची तर मुळीच नको. त्यात ३० मिलि व्हिनेगर ओता. होमिओपॅथीच्या गोळ्यांची छोटी बाटली झाकणाविना घ्या, त्यात १ ग्रॅम खाण्याचा सोडा भरा. मोठी बाटली तिरपी धरून ही कुपी अलगद आत सरकवा, सोडा सांडू देऊ नका. झाकण घट्ट लावून वजन करा. मग बाटली उलटसुलट करा. फेस येतो, बाटली टणक होते. पुन्हा वजन करा, आकडा तोच येतो. आता झाकण हळूच सैल करा, फुस्स आवाज होऊ द्या आणि पुन्हा तोला. साधारण ०.४ ग्रॅम कमी भरतं. सोड्याचं प्रमाण वाढवू नका. १ ग्रॅममधून सुमारे ३०० मिलि वायू निघतो, तेवढा दाब ही बाटली सहज पेलते. उत्साहाच्या भरात चार-पाच चमचे घातले तर धोका आहे.

हाच प्रयोग अनेक जण बाटलीच्या तोंडाला फुगा लावून करतात. फुगा फुगलेला दिसतो म्हणून मुलांना आवडतो, पण वस्तुमान अक्षय्यतेसाठी, म्हणजे अभिक्रियेत एकूण वस्तुमान बदलत नाही हे दाखवायला, तो वापरू नका. फुगलेला फुगा आपल्या आकारमानाएवढी हवा बाजूला सारतो आणि तेवढाच उचलला जातो. पाव लिटर हवेचं वजन सुमारे ०.३ ग्रॅम असतं, तेवढा काटा कमी दाखवतो. काहीही बाहेर गेलेलं नसताना वजन घटलेलं दिसतं आणि मुलं नेमका उलटा निष्कर्ष वहीत लिहितात. पंखाही बंद ठेवा. उन्हाळ्यात कूलरच्या झोतात ०.१ ग्रॅमचा काटा स्थिर राहत नाही.

हे हाताने केलं की समीकरण संतुलित का करायचं हे वेगळं सांगावं लागत नाही. डाव्या बाजूचा प्रत्येक अणू उजवीकडे सापडलाच पाहिजे. कसं करायचं यासाठी चिंचोके आणि शेंगदाणे पुरेत. चिंचोका म्हणजे ऑक्सिजन, शेंगदाणा म्हणजे हायड्रोजन. हायड्रोजनचा रेणू दोन शेंगदाण्यांचा, ऑक्सिजनचा दोन चिंचोक्यांचा, पाण्याचा रेणू दोन शेंगदाणे आणि एक चिंचोका. नियम एकच: वाटी भरून आणायची ती पूर्ण रेणूंचीच. मुलं पहिल्यांदा एक-एक रेणू घेतात आणि एक चिंचोका उरतो. तो कुठे ठेवायचा? बरीच मुलं तो पाण्याच्याच रेणूला चिकटवतात, म्हणजे कागदावर जी चूक करतात तीच. तिथे थांबवून सांगा की दोन हायड्रोजन आणि दोन ऑक्सिजन म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड, जखम धुवायला मेडिकलमध्ये मिळतं ते. सूत्रातला लहान आकडा बदलला की पदार्थच बदलतो. रेणूपुढचा मोठा आकडा बदलला की फक्त किती रेणू ते बदलतं. उरलेल्या चिंचोक्यासाठी हायड्रोजनचा आणखी एक रेणू आणायचा, पाण्याचे दोन रेणू होतात आणि हिशोब जुळतो.

संयोग अभिक्रियेसाठी (दोन पदार्थ मिळून एक होतो ती) चुनकळी, म्हणजे न विरलेला चुना, आणि पाणी हा प्रयोग पुस्तकात आहे. फसण्याचं कारण नेहमी एकच: चुनकळी जुनी असते. पावसाळाभर उघडी राहिलेली चुनकळी हवेतला ओलावा घेऊन आधीच विरते, मग पाणी घातल्यावर उष्णता येणार कुठून? टणक खडे असतील तरच घ्या, भुकटी झाली असेल तर सोडून द्या. पानठेल्यावरचा चुना आधीच विरलेला असतो, तो या प्रयोगाला चालत नाही. चुन्याच्या निवळीला मात्र तोच उत्तम: एक लिटर पाण्यात चमचाभर, रात्रभर ठेवून वरचं नितळ पाणी वेगळं करा. चुनकळीचा प्रयोग तुम्ही स्वतःच करा, चष्मा लावून, मुलांना दोन हात लांब ठेवून. चुना डोळ्यात गेला तर इजा कायमची होऊ शकते.

आता उत्क्रांती. राज्य मंडळाच्या दहावीच्या भाग २ मध्ये हा पहिलाच धडा आहे, पण माझा आग्रह आहे की भाग १ मधल्या अभिक्रियांच्या धड्यानंतर तो घ्यावा. ‘काय बदललं, काय राहिलं’ असं विचारायची सवय तोपर्यंत लागलेली असते.

इथे पहिली अडचण आपल्या शब्दांचीच आहे. ‘उत्क्रांती’मधला ‘उत्’ वर चढल्याचं सुचवतो. त्यामुळे मुलांना वाटतं की ही एक शिडी आहे, खाली जिवाणू आणि वरच्या पायरीवर आपण. ‘निवड’ म्हटलं की कुणीतरी निवडणारा बसलाय असं वाटतं. हा दुसरा गैरसमज घालवायला मराठीतच सोय आहे. घरी तांदूळ निवडतात तेव्हा काय करतात? खडे काढून टाकतात. ताटात उरलेला तांदूळ निवडण्याआधी होता तसाच असतो, एकही दाणा सुधारत नाही, पण ताट बदलतं. नैसर्गिक निवड म्हणजे हे निवडणं. कुणाला तरी नंबर देऊन पुढे पाठवणं नव्हे.

मग लगेच दाण्यांचा खेळ घ्या. अख्खे उडीद, अख्खे मूग आणि मटकी घ्या. तिन्ही जवळपास सारख्या आकाराचे असतात आणि तेच महत्त्वाचं आहे. चवळी किंवा हरभरा मिसळला तर मुलं आकार पाहून उचलतात आणि रंगाचा परिणाम दिसत नाही. काळ्या कापडावर प्रत्येकी २० असे ६० दाणे विखरा. एक मूल पाखरू. त्याने चिमटीने एकेक दाणा उचलायचा, प्रत्येक वेळी मान वर करून पुन्हा खाली पाहायचं. असे ४० दाणे उचलले की २० उरतात. उरलेल्या प्रत्येक दाण्यामागे त्याच रंगाचे आणखी दोन ठेवा. पुन्हा ६० झाले, ही दुसरी पिढी. तीन पिढ्या करा आणि प्रत्येक पिढीला तिन्ही रंगांचे आकडे फळ्यावर लिहा. काळ्या कापडावर उडीद वाढत जातात. मान वर करायचा नियम मुलं मोडतात आणि मूठभर ओरबाडतात. मग रंगाचा फरक पुसला जातो, म्हणून प्रत्येक गटात एक पंच ठेवा.

दोन गट मात्र वेगळे ठेवा. एका गटाने डोळे मिटून दाणे उचलायचे. तिथेही प्रमाण बदलतं, पण कुठल्याही दिशेला, नुसत्या योगायोगाने. दुसऱ्या गटाला ६० च्या ६० उडीदच द्या. तिथे कितीही पिढ्या करा, रंगाचं काहीच बदलत नाही. हे दोन गट वगळले तर खेळाचं निम्मं शिक्षण जातं. विविधता नसेल तर निवडायला काही नसतं, आणि प्रत्येक बदल निवडीमुळेच होतो असंही नाही. शेवटी विचारा: एकाही मुगाचा उडीद झाला का?

यानंतर जिराफ बाजूला ठेवा आणि कापसाकडे या. तुमच्या वर्गातल्या काही मुलांच्या घरी किंवा मामाच्या गावी कपाशी असेलच, आणि गुलाबी बोंडअळी, म्हणजेच शेंदरी बोंडअळी, त्यांनी पाहिलेली असेल. डोमकळी (अळीमुळे न उमललेलं, मिटलेलं फूल) म्हटलं की ती सांगायला लागतील. भारतात बीटी कापूस २००२ मध्ये आला. त्यात अळीला मारक ठरणारं प्रथिन तयार करणारं एक जनुक होतं. २००६ मध्ये दोन जनुकांचं वाण आलं. २०१७ च्या हंगामात विदर्भात याच बीटी कापसावर गुलाबी बोंडअळीने मोठं नुकसान केलं. लोक म्हणतात, ‘अळीला बीटीची सवय झाली.’ हे वाक्य फळ्यावर लिहा आणि त्यातली चूक मुलांना शोधू द्या.

कोणत्याही एका अळीला सवय झाली नाही. जिला विष बाधलं ती मेली. फार थोड्या अळ्यांमध्ये विष न बाधणारं जनुक होतं. त्या जगल्या, त्यांचे पतंग झाले, त्यांनी अंडी घातली. बीटीने अळीत नवा गुण घातला नाही, असलेल्यांतून बाकीच्यांना काढून टाकलं. तांदूळ निवडल्यासारखं.

आता आनुवंशिकतेचे नियम मांडणारा मेंडेल इथेच उपयोगी पडतो. ही प्रतिकारकता मुख्यतः अप्रभावी असते, म्हणजे अळी जगायला जनुकाच्या दोन्ही प्रती लागतात. समजा, दर हजार प्रतींत एक प्रत प्रतिकाराची आहे. मग दोन्ही प्रती तशाच असलेली अळी दहा लाखांत एक. अशा एखाद्या पतंगाचं मीलन साध्या पतंगाशी झालं तर पिलांना एकच प्रत मिळते आणि ती बीटीवर मरतात. म्हणूनच बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगरबीटी बियाणं दिलं जायचं. ते कडेने पाच ओळी किंवा क्षेत्राच्या २० टक्के, यांतलं जे जास्त असेल तेवढं लावायचं, म्हणजे साधे पतंग तिथे वाढत राहतात. बऱ्याच ठिकाणी ते लावलं गेलं नाही. मग वाचलेल्या पतंगांना जोडीदार वाचलेल्यांतलेच मिळाले. त्यात फरदडीची भर पडली. वेचणी झाल्यावरही पीक उभं ठेवलं की अळीला आणखी पिढ्या मिळतात, आणि प्रत्येक पिढीला पुन्हा तीच निवड. ही अळी आपल्याकडे जवळपास कपाशीवरच जगते, त्यामुळे दुसऱ्या पिकावर साधे पतंग तयार होण्याची सोयही नाही.

हे उदाहरण मुलांना पुरतं पटतं, कारण विविधता, आनुवंशिकता, निवड आणि पिढ्या, चारही गोष्टी एकाच शेतात दिसतात. जमलं तर दाण्यांच्या खेळात बदल करून हेही खेळा. कोपऱ्यात एक हातरुमाल पसरा आणि ठरवा की त्यावरचे दाणे पाखराने उचलायचे नाहीत. प्रत्येक पिढीला सगळे दाणे नव्याने विखरायचे, म्हणजे रुमालावर कोण पडेल ते योगायोगाने ठरेल. उडीद वाढण्याचा वेग मंदावलेला दिसेल.

माकडाच्या प्रश्नाकडे आता या, आधी नको. आत्ताची माकडं आपले पूर्वज नाहीत. चुलतभाऊ आपला बाप नसतो, दोघांचे आजोबा एक असतात. माणूस आणि चिंपांझी यांचे समान पूर्वज साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी होते. तिथून दोन फांद्या निघाल्या आणि दोन्ही बदलत राहिल्या. चिंपांझी मागे राहिलेला माणूस नाही, तो त्याच्या रानात टिकलेला जीव आहे. चुलतभाऊ तुमच्यासारखा का होत नाही, असं आपण विचारत नाही. हा प्रश्न विचारणाऱ्या मुलाला गप्प करू नका. दाण्यांचा खेळ झाल्यावर फळ्यावर फांदी त्यालाच काढायला सांगा.

एका ठिकाणी दोन्ही विषय एकत्र येतात आणि तिथे उत्तरपत्रिकेत हमखास चूक होते: कार्बनी वयमापन. मुलं लिहितात की डायनासोरचं वय कार्बन-१४ वरून काढतात. कार्बन-१४ चा अर्धायुकाल, म्हणजे निम्मे अणू उरायला लागणारा काळ, ५७३० वर्षं. दहा अर्धायुकालांनंतर, म्हणजे ५७,३०० वर्षांनी, मूळच्या १०२४ भागांतला एक भाग उरतो. सुमारे ५० हजार वर्षांपलीकडे ही पद्धत चालत नाही. नागपूरहून फार लांब नाही असं वरोरा तालुक्यातलं पिसदुरा हे गाव घ्या. तिथे डायनासोरची हाडं आणि त्यांच्या विष्ठेचे जीवाश्म मिळाले आहेत. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्या विष्ठेत गवताचे सूक्ष्म सिलिकाकण सापडल्याचं दिसलं, म्हणजे डायनासोरच्या काळात गवत होतं. दख्खनच्या काळ्या पाषाणाचा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, त्याचं वय पोटॅशियमपासून होणाऱ्या अरगॉनवरून काढतात. कार्बन-१४ चा एक अणूही एवढा काळ उरत नाही, हे मुलांना स्वतः आकडेमोड करून पाहू द्या. सहलीला गेलात तर खोदकाम किंवा दगड उचलून आणणं मात्र नको.

तासिकांचं म्हणाल तर अभिक्रियांना सहा द्या: खिळ्याला एक आणि दुसऱ्या दिवशीची पंधरा मिनिटं, वजनाला एक, चिंचोक्यांना दोन, उरलेल्यांत बाकीचे प्रकार. उत्क्रांतीच्या पाचांपैकी दोन सरळ दाण्यांच्या खेळाला जाऊ द्या. पुरावे, जोडणारे दुवे, अवशेषांगे एका तासिकेत होतात, ती वाचूनही समजतात. वापरलेलं मोरचुदाचं द्रावण मोरीत किंवा कुंडीत ओतू नका. एका बरणीत साठवा, त्यात जुने खिळे पडू द्या, तांबं खाली बसतं.

आणि एक काम मात्र संत्र्याच्या हंगामातच करून ठेवा. नागपुरी संत्र्याची बाग जंबेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर डोळा बांधून लावतात, त्यामुळे बागेतली झाडं एकमेकांच्या नकला असतात, साठच्या साठ उडदांसारखी. बीसुद्धा वेगळं आहे: एका बीतून बरेचदा दोन-तीन रोपं येतात आणि त्यांतली बहुतेक आईचीच नक्कल असतात. ताज्या संत्र्यातल्या २० बिया बुळबुळीतपणा जाईपर्यंत धुवा, वाळू न देता दीड सेंटिमीटर खोल पेरा आणि माती ओलसर ठेवा. थंडीत उगवायला महिना-दीड महिना लागू शकतो. प्रत्येक बीजवळ काडी रोवून नंबर घाला, नाहीतर कोणती रोपं एकाच बीतून आली ते नंतर ओळखता येत नाही.